'व्हेक्सेशस' अर्जाला मराठीत काय म्हणाल?

कृष्णाकाठ (सांगली): एका लेखाचं भाषांतर करतोय. ब्रिटनच्या 2000 च्या माहिती कायद्याचं 14 वं कलम म्हणतं, अर्ज 'व्हेक्सेशस' म्हणजे नाहक त्रास देणारा असेल तर उत्तर देणं बंधनकारक नाही. मी 'खोडसाळ' लिहिलं, संपादकांनी काट मारली. तिथे दोष अर्जाचा बघतात, अर्जदाराचा नाही. आणि खोडसाळ म्हटलं की माणूसच डोळ्यांपुढे येतो. दुसरा शब्द सुचवा.

जुना ग्रामसेवक (माण): 'तापदायक' लिहा. मी नोकरीत असताना एकाच गृहस्थांचे महिन्यात 19 अर्ज आले. पाणंद रस्त्याच्या मुरमाच्या पावत्या, परत त्याच पावत्या, मग पावत्या दिल्याची पोच. आवक वहीचं पान त्यांच्याच नावानं भरलेलं, पाणीपट्टीची वसुली तशीच पडून. माणूस बोलायला गोड होता. ताप अर्जांचाच.

अजिंक्यतारा (सातारा): काका, तुमचा त्रास खरा. पण असा शब्द मराठीत रुळूच नये. आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात तो नाही. कलम 6(2) प्रमाणे अर्जदाराला कारणही विचारता येत नाही. शिवाय महाराष्ट्रानं 2012 मध्ये एका अर्जाला एक विषय, 150 शब्द अशी मर्यादा घातलीच आहे. माझ्या आईनं विहिरीच्या अनुदानाची फाईल मागितली, तर पहिल्याच अर्जाला ऐकवलं, "लई ताप देताय." उद्या तेच कागदावर लिहून देतील.

कृष्णाकाठ: म्हणून ब्रिटनचं कलम मराठीत आणायचंच नाही का?

माणदेशी (आटपाडी): 'खोडसाळ' टाकू नका, त्यातली 'खोड' बघा. खरसुंडीच्या बाजारात खिलार घेताना आमचे आजोबा आधी विचारायचे, "खोड काय हाय?" बैल देखणा, पण औताला जुंपला की तासात, म्हणजे नांगराच्या सरीतच, बसतो, ही खोड. ती कामात दिसते. 'खोडीचा अर्ज' म्हणा.

जुना ग्रामसेवक: तो बसका बैल. आमच्याकडं खोडीचा म्हणजे मारकाच.

माणदेशी: बसणं ही पण खोडच की! दावणीला बांधून बघा एकदा.

लेखणी (कराड): मला तर 'खोड' आणि 'खोडा' एकाच लाकडातले वाटतात. सवय पायात अडकते, तसा खोडाही.

जुना ग्रामसेवक: खोडा चोराच्या पायात. बैलाच्या गळ्यात असतं ते लोढणं. ह्यात गल्लत नको.