सर्व्हर आपोआप रिस्टार्ट होतोय, पेन ड्राइव्हवरून बूट करून हार्डवेअर नक्की कसं तपासायचं?

पतसंस्थेचा_संगणकवाला:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो, म्हणजे पासबुक प्रिंटरमध्ये कागद अडकण्यापासून ते सर्व्हरपर्यंत. सर्व्हर टॉवर आहे, एक झिऑन, १६ जीबीच्या चार स्टिक मिळून ६४ जीबी ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) रॅम, हार्डवेअर रेड कार्डवर चार सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्कचं रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी जोडणी, वर विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल. वॉरंटी कधीच संपलीय.

गेल्या महिन्यापासून हा बाबा मधेच रिस्टार्ट मारतो. निळी स्क्रीन नाही, काही नाही, सरळ कंपनीचा लोगो. कधी भर काउंटरच्या वेळेत, कधी रात्री कोणी नसताना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसतो आणि बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) शून्य. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) म्हणतो विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू. मला ते पटत नाहीये, कारण फॉरमॅट मारून परत तेच झालं तर दोन दिवस संस्था बंद आणि शिव्या मला.

म्हणून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, चालवायचं ठरवलं. माझ्याकडच्या जुन्या ५.०१ ने बूटच झालं नाही, नुसती काळी स्क्रीन. मग नवीन उतरवून शनिवारी रात्रभर लावलं, सकाळी बघतो तर एकही एरर नाही. आता विचारायचंय ते असं की मेमटेस्ट पास म्हणजे रॅम ठीक असं धरायचं का, रेडच्या मागे असलेल्या डिस्क लाइव्ह लिनक्समधून (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं) तपासता येतात का, आणि मुख्य म्हणजे लाइव्ह लिनक्स बूट केल्याने डेटाला काही होणार नाही ना? बॅकअप आहे रोजचा, पण तरी हात थरथरतात हो.

रॅक_आणि_रोल:

आधी त्या एएमसीवाल्याला फॉरमॅटपासून लांब ठेवा. कर्नल-पॉवर ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, का ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं. बगचेक कोड शून्य म्हणजे विंडोजला डंप (क्रॅशची नोंद) लिहायलाही वेळ मिळाला नाही, बहुतेक खालूनच पाय ओढला गेलाय. हार्डवेअरकडेच बघा.

जुनं ५.०१ का उठलं नाही तर ते २०१३ चं आहे, फक्त जुन्या बायोस मोडमध्ये चालतं. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मेमटेस्ट८६+ मध्ये ६.०० पासून आलं, २०२२ साली. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं सेटिंग) चालू असेल तर तेही अडतं, तेवढ्यापुरतं बंद करायचं. आणि मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत बरं का, प्लस नसलेलं पासमार्क कंपनीचं आहे.

आता खरा मुद्दा. तुमची रॅम ईसीसी आहे. ६४ बिट डेटामागे ८ बिट जास्तीचे असतात, त्यांच्या जोरावर एक बिट चुकला तर मेमरी कंट्रोलर तो जागच्या जागी दुरुस्त करून पुढे देतो. मेमटेस्ट काय करतं, लिहितं, परत वाचतं आणि जुळतंय का बघतं. मधल्या मधे दुरुस्ती झाली असेल तर त्याला सगळं जुळतंयच दिसणार! म्हणजे स्टिक आतून सडत चाललेली असली तरी स्क्रीनवर शून्य एरर. घरच्या पीसीवर मेमटेस्ट पास याला जो अर्थ आहे तो सर्व्हरवर नाही. काही चिपसेटवर ही सॉफ्टवेअर ईसीसीच्या दुरुस्त्या मोजून दाखवतात, पण बऱ्याच सर्व्हरमध्ये बायोस त्या आधीच उचलतो आणि वर कळूच देत नाही.

मग त्या जातात कुठे, तर बीएमसीच्या, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या आतल्या वेगळ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, लॉगमध्ये. डेल असेल तर आयड्रॅक, एचपी असेल तर आयएलओ, ब्रँड तुम्ही लिहिला नाहीत म्हणून दोन्ही सांगतोय. मागे वेगळा नेटवर्क पोर्ट असतो, बहुतेक ठिकाणी त्याला कधी केबलच लावलेली नसते. लावा, ब्राउझरमधून उघडा, सिस्टिम इव्हेंट लॉग (एसईएल) बघा. पासवर्ड माहीत नसेल तर लाइव्ह लिनक्स बूट करून रूटने आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट मारा, आतून वाचायला पासवर्ड लागत नाही. यात डिस्कला हातही लागत नाही. लॉग आधी फाइलमध्ये सेव्ह करा, मगच बाकीचे उद्योग.

डिस्कवाली_ताई:

डिस्कचं मी सांगते. रेड कार्डमागच्या डिस्क लिनक्सला एक एक दिसत नाहीत, एकच मोठी एसडीए दिसते, आणि तिच्यावर साधं स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) मारलं की काहीच धड मिळत नाही म्हणून लोक सोडून देतात. कार्ड मेगारेड घराण्यातलं असेल (डेलची पर्क कार्डंही बरीचशी त्यातलीच) तर असं:

स्मार्टसीटीएल -ए -डी मेगारेड,० /डेव्ह/एसडीए

अर्थात टाइप इंग्रजी लहान अक्षरांत करायचं. तो शून्य म्हणजे डिस्कचा नंबर, तो शून्यापासूनच सुरू होईल असं नाही, आधी स्मार्टसीटीएल --स्कॅन करून बघा. एचपीच्या स्मार्ट ॲरेला मेगारेडच्या जागी सीसीआयएसएस.

तुमच्या सॅस डिस्क आहेत, त्यामुळे नेटवर सगळीकडे सांगतात ते ५, १९७, १९८ नंबरचे ॲट्रिब्यूट शोधत बसू नका, ते साटा (साध्या पीसीतल्या) डिस्कचं झालं. सॅसमध्ये 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट' (वापरात खराब झालेल्या जागा) चा आकडा बघायचा आणि खालच्या तक्त्यात सगळ्यात शेवटचा कॉलम, अनकरेक्टेड एरर्स. तो शून्य हवा. ग्रोन डिफेक्ट थोडे असले तरी एक वेळ चालतं, पण ते आठवड्याला वाढत असतील तर नवी डिस्क मागवायला घ्या. लाँग टेस्ट -टी लाँग ने लावा, ती डिस्क स्वतःच्या स्वतः चालवते, फक्त वाचते, लिहीत काही नाही. वेळ मात्र घेते, रात्री लावून घरी जा.

तरी एक सांगते, डिस्क खराब झाली की ती ॲरेतून बाहेर पडते, कार्ड केकाटतं, सर्व्हर हळू होतो. असा धाडकन रिस्टार्ट डिस्कमुळे सहसा होत नाही. तेव्हा डिस्क तपासा जरूर, पण उत्तर तिथे सापडेल असं मला वाटत नाही.

डेटाची भीती म्हणाल तर लाइव्ह लिनक्स आपण होऊन डिस्कवर काही लिहीत नाही. सिस्टिमरेस्क्यू नावाचं लाइव्ह लिनक्स घ्या, त्यात डेस्कटॉप आपोआप उघडत नाही, काळ्या स्क्रीनवरच काम होतं, ते तुमच्या फायद्याचं. उबुंटूचा लाइव्ह घेतलात तर फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे दिसणाऱ्या ड्राइव्हवर उगाच क्लिक करू नका, क्लिक केलं की तो माउंट होतो, म्हणजे वापरासाठी उघडतो. आणि कुठल्याही ब्लॉगवर बॅडब्लॉक्स -डब्ल्यू दिसलं तर तो ब्लॉग बंद करा, ती टेस्ट अख्खी डिस्क पुसत पुसत जाते.

जनरेटर_चालू:

मी तर म्हणतो सरळ सगळ्या डिस्क बाहेर ओढा, चिकटपट्टीवर स्लॉट नंबर लिहून लावा, आणि मग काय हव्या त्या टेस्ट बिनधास्त करा. डिस्कच नाहीत तर डेटा जाणार कुठून. आणि पॉवर बघितली का कोणी? रिस्टार्ट म्हटलं की सगळे रॅमच्या मागे. दोन पॉवर सप्लाय असतील आणि दोघांच्या पिना एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत खोचलेल्या असतील तर दोन असून उपयोग काय. पंख्यांत धूळ किती आहे तेही बघा, पतसंस्थेत सर्व्हर सहसा रेकॉर्ड रूममध्ये दप्तरांच्या गठ्ठ्यात असतो.

डिस्कवाली_ताई:

@जनरेटर_चालू डिस्क ओढायचा सल्ला नका देऊ हो. डिस्क नसताना सर्व्हर चालू केला की कार्ड ओरडतं, आधीच्या डिस्क गायब आहेत, अमुक की दाबा तमुक की दाबा. परत बसवल्यावर काही वेळा त्या फॉरेन, म्हणजे परक्या, म्हणून दिसतात. तिथे इम्पोर्ट आणि क्लिअर असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात, घाबरलेला माणूस क्लिअर दाबतो आणि बसतो डोक्याला हात लावून. डिस्क जागेवरच राहू द्या. पॉवरचं म्हणणं मात्र बरोबर आहे, तेही त्याच एसईएल लॉगमध्ये दिसेल, सप्लायला वीज मिळाली नाही तर तशी नोंद असते.

पतसंस्थेचा_संगणकवाला:

सगळ्यांचे आभार. पॉवर सप्लाय एकच आहे, आणि हो, दप्तरांचे गठ्ठे बरोबर ओळखलेत.

बीएमसीचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता म्हणून सिस्टिमरेस्क्यूवरून लॉग काढला. पॉवरची एकही नोंद नाही. पण करेक्टेबल मेमरी एरर रेट एक्सीडेड, तिसऱ्या स्लॉटच्या नावाने, रांगच्या रांग! मधे मधे मल्टी-बिट एरर, तोही तिसराच. फक्त वेळ जुळेना. रिस्टार्ट झाला होता दुपारी ११:४० ला, काउंटरवाल्या मॅडमनी वहीत लिहून ठेवलंय, आणि लॉगमध्ये नोंद ०६:१० ची. म्हणजे हा वेगळाच काहीतरी प्रकार आहे का?

डिस्क चारही ठीक, अनकरेक्टेड शून्य, लाँग टेस्टही पास.

रॅक_आणि_रोल:

०६:१० मध्ये साडेपाच तास मिळवा 🙂 बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. तीच नोंद आहे.

मल्टी-बिट म्हणजे एकाच वेळी एकापेक्षा जास्त बिट बिघडले, ते कंट्रोलरला ओळखता आले पण दुरुस्त करता आले नाहीत, आणि चुकीचा डेटा पुढे देण्यापेक्षा मशीन पाडलेलं बरं असं सर्व्हर ठरवतो. तुमच्या एसक्यूएलच्या दृष्टीने त्याने चांगलंच केलं म्हणायचं, साध्या पीसीत तो चुकलेला आकडा कोणाच्या तरी खात्यावर जाऊन बसला असता.

पण अजून स्टिक फेकू नका, स्लॉटही खराब असू शकतो. बंद करा, वायर काढा, मनगटाला पट्टा नसेल तर निदान कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग तिसऱ्या आणि चौथ्या स्लॉटच्या स्टिकची अदलाबदल करा. जुना लॉग सेव्ह केलाय ना, आता क्लिअर करा म्हणजे घोळ होणार नाही. मग उबुंटू लाइव्हमध्ये स्ट्रेसॲपटेस्ट इन्स्टॉल करून (उबुंटूच्या युनिव्हर्स रिपॉझिटरीत आहे) तासभर चालवा, -डब्ल्यू लावून, आणि -एम मध्ये (दोन्ही अक्षरं कॅपिटल) ५०००० एमबीच्या आसपास द्या, पूर्ण ६४ जीबी देऊ नका, लाइव्ह सिस्टिम स्वतः रॅममध्येच बसलेली असते. हे गूगलवाल्यांचं टूल आहे, सगळे कोअर एकदम मेमरीवर तुटून पडतात, मशीन तापतं, आणि एका लयीत चालणाऱ्या टेस्टमध्ये जे दिसत नाही ते अशा मारामारीत वर येतं. एरर चौथ्या स्लॉटवर गेला तर स्टिक, तिसऱ्यावरच राहिला तर स्लॉट नाहीतर सीपीयूचं सॉकेट, मग मात्र काम मोठं.

पतसंस्थेचा_संगणकवाला:

चौथ्यावर गेला! स्ट्रेसॲपटेस्टने स्वतः पास म्हणून सांगितलं, पण एसईएलमध्ये चौथ्या स्लॉटच्या करेक्टेबल नोंदी पडल्या. आता नवी स्टिक घ्यायची तर लॅमिंग्टन रोडवर १६ जीबी डीडीआर४ ईसीसी म्हणून दोन वेगळे भाव सांगतायत, काय फरक असतो?

रॅक_आणि_रोल:

एक रजिस्टर्ड असेल (स्टिकवर जास्तीची रजिस्टर चिप असते), एक अनबफर्ड (ती नसते). दोन्ही ईसीसीच, पण एका सर्व्हरमध्ये एकत्र चालत नाहीत. तुमच्या स्टिकचं लेबल वाचा, पीसी४-२४०० वगैरेच्या पुढे डॅशनंतर 'आर' अक्षर असेल तर रजिस्टर्ड, 'ई' असेल तर अनबफर्ड ईसीसी. लेबलच्या सुरुवातीला २आरx४ का १आरx८ असं काहीतरी, म्हणजे चिपच्या मांडणीची खूण, असेल, तेही सारखंच घ्या. फोटो काढून दुकानदाराला पाठवा म्हणजे तोंडी गोंधळ नको.

नवी येईपर्यंत चौथ्या स्लॉटमधली काढून ठेवा आणि ४८ जीबीवर चालवा. चालू होताना मेमरी कॉन्फिगरेशन बदललं म्हणून विचारेल, कंटिन्यू करा. एसक्यूएलचं मॅक्स मेमरी सेटिंग ६४ च्या हिशोबाने ठेवलं असेल तर तेही खाली आणा, नाहीतर सोमवारी सकाळी सगळं हळू चाललंय म्हणून परत तुम्हालाच फोन.