मदत हवी आहे : घरी घडवलेल्या गिटारमधील तीन पिकअपांची सिरीज जोडणी आणि फेज उलटवल्यावर येणारा दोष

नमस्कार.

गेले सात महिने मी पुण्यातील घराच्या मागच्या बाल्कनीत एक इलेक्ट्रिक गिटार घडवत आहे. लाकूडकाम पूर्ण झाले, तारा चढल्या, सूरही लागला. परंतु आतील पिकअपांच्या (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) जोडणीत असा एक दोष राहिला आहे की तीन आठवडे खटपट करूनही त्याचे मूळ मला सापडलेले नाही. इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांनी किंवा स्वतः गिटार उघडून दुरुस्त केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी रचना सांगतो. मिरजेत सतारीच्या दांडीसाठी जे तुनीचे लाकूड वापरतात, त्याच्याच दोन फळ्या चिकटवून ४४ मिलिमीटर जाडीचे धड केले आहे. दांडी मात्र तयार मेपलची आणली. तिचे माप (तारेची वाजती लांबी) २५.५ इंच असल्यामुळे नटपासून (दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) १२व्या पडद्यापर्यंतचे १२.७५ इंच पुढे तेवढेच मोजून ब्रिज (घोडी) बसवला, आणि त्या बाबतीत काही तक्रार नाही.

जोडणीची कल्पना ‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या ‘रेड स्पेशल’ या गिटारवरून घेतली आहे. त्यांनी १९६३ मध्ये लंडनमध्ये वडिलांच्या मदतीने ती गिटार घरीच घडवायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी दांडीसाठी वापरले, आणि तिन्ही पिकअप नेहमीप्रमाणे समांतर न जोडता एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले. प्रत्येक पिकअपला दोन खटके असतात : एक तो चालू-बंद करणारा, दुसरा त्याची फेज उलटवणारा, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांची अदलाबदल करणारा. सहा खटक्यांच्या मांडण्या ६४ होतात, पण बंद पिकअप, एकटा पिकअप किंवा चालू असलेले सगळेच एकदम उलटवल्याने कानाला फरक पडत नसल्यामुळे खरे वेगळे आवाज १३च मिळतात : एकेकट्याचे ३, जोड्यांचे ६ आणि तिघांचे मिळून ४. उलट फेजमधला तो अनुनासिक, सनईच्या जवळ जाणारा आवाज मला हवा आहे आणि त्यासाठीच मी हा सारा खटाटोप मांडला आहे.

माझे तीन पिकअप एका संचातले नाहीत. दांडीजवळचा टेलिकास्टर या गिटारच्या पद्धतीचा, धातूचे झाकण असलेला आहे (रोध ७.१ किलोओहम), मधला आणि ब्रिजजवळचा हे दोन्ही स्ट्रॅटोकास्टर या गिटारच्या पद्धतीचे, प्लास्टिकच्या झाकणाचे आहेत (अनुक्रमे ६.१ आणि ६.३). साखळीचा क्रम जॅककडून (केबल लावतो त्या टोकाकडून) पाहिल्यास ब्रिज, मधला, दांडीजवळचा आणि शेवटी ग्राउंड असा आहे. व्हॉल्यूम आणि टोन दोन्हींना २५० किलोओहमचे पॉट (बटण फिरवून रोध बदलणारे घटक) लावले आहेत. तिन्ही चालू ठेवून जॅकवर मोजले की १८.१ किलोओहम दिसतात, बेरीज १९.५ असली तरी व्हॉल्यूमचा पॉट समांतर येत असल्यामुळे हा आकडा बरोबर आहे, असे मी धरून चाललो आहे.

आता मुख्य दोष. दांडीजवळचा पिकअप सरळ फेजमध्ये असेल तेव्हा सर्व काही उत्तम चालते. त्याची फेज उलटवली, तारांवरून हात उचलला आणि त्याच्या चकचकीत झाकणाला बोट लावले की जोराची गुणगुण सुरू होते. याहून विचित्र गोष्ट अशी की तो एकटाच चालू आणि उलट फेजमध्ये असताना सर्वांत जाड तार २१व्या पडद्यावर जोराने दाबून छेडली, तर आवाज एकाएकी नाहीसा होतो आणि बोट सैल केले की परत येतो. खटक्यावरचा डाग (सोल्डरचा सांधा) कच्चा असेल म्हणून सहाही टोके उकलून दोनदा नव्याने डाग दिले, खटकाही बदलून पाहिला. दोष जसाच्या तसा राहिला. घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतले आहे आणि पोकळीला आतून तांब्याची पट्टीही चिकटवली आहे.

दुसरा प्रश्न मधल्या पिकअपचा आहे. होकायंत्र धरून पाहिले, तर त्याचे चुंबक बाकी दोघांच्या उलट निघाले. त्यामुळे तो कोणाही एका शेजाऱ्याबरोबर भरदार वाजत असताना गुणगुण जवळजवळ मिटते, पण तीच जोडी उलट फेजमध्ये टाकली की स्वर बारीक होतो आणि गुणगुण मात्र दुपटीने वाढते. मला नेमका तोच आवाज हवा असल्यामुळे हा पिकअप बदलून तिन्ही एकाच चुंबकदिशेचे करावेत का?

तिसरी शंका लहान आहे : तिन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज फार गढूळ येतो. याचा दोष २५०च्या पॉटांकडे जातो का?

प्रतिसाद

आपण मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण त्यामुळे दोष जवळजवळ कागदावरच सापडतो. आपला खटकाही ठीक आहे आणि डागही ठीक आहेत. टेलिकास्टर पद्धतीच्या त्या पिकअपमध्ये धातूचे झाकण कॉइलच्या ग्राउंडकडील टोकालाच एका लहान तारेने जोडलेले असते. नेहमीच्या जोडणीत ते टोक कायम ग्राउंडवर राहते, म्हणून झाकण कॉइलचे संरक्षण करते. आपण फेज उलटवली की तेच टोक साखळीत वर जाते आणि त्याच्याबरोबर झाकणही सिग्नलच्या मार्गात येते. बोट लावल्यावर होणारी गुणगुण त्याचीच आहे. तारा ब्रिजमार्गे ग्राउंडवर असतात, त्यामुळे जाड तार वाकून झाकणाला टेकली की कॉइलची दोन्ही टोके ग्राउंडवर येतात आणि आवाज मिटतो.

खात्री करून घ्या : तो पिकअप एकटा चालू, उलट फेज, व्हॉल्यूम पूर्ण, अशा स्थितीत ब्रिज आणि झाकण यांच्यामध्ये मीटर लावा. माझा तर्क बरोबर असेल तर साधारण ६.९ किलोओहम दिसतील. सरळ फेजमध्ये शून्य.

उपाय असा की पिकअप बाहेर काढून खालच्या बाजूची ती जोडतार कापावी, झाकणाच्या पायाला वेगळी तिसरी तार लावावी आणि ती पॉटच्या पाठीवर ग्राउंडला न्यावी. कॉइलची तार डोक्याच्या केसाइतकी बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून सोल्डरिंग आयर्न कॉइलच्या टोकांच्या डागांजवळ मुळीच नेऊ नका. झाकणाच्या पायालाही दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. जोडतार कापल्यावर, पिकअप पुन्हा जोडण्याआधी, झाकण आणि कॉइलच्या दोन्ही तारा यांच्यामध्ये मीटरला कसलीही जोडणी दिसता कामा नये.

मधला पिकअप बदलू नये, असे माझे मत आहे. स्वराची फेज चुंबकदिशा आणि कॉइलची जोडणी या दोन्हींवर ठरते, तर गुणगुण केवळ कॉइलच्या जोडणीवर. म्हणून एका चुंबकदिशेच्या जोडीत नेमके उलटे घडते : उलट फेजमध्ये शांतता, सरळ फेजमध्ये गुणगुण. आपला दांडीजवळचा आणि ब्रिजचा पिकअप अशीच जोडी आहे. ती उलट फेजमध्ये वाजवून पाहा, तुम्हाला हवा तो आवाज तिथे शांत मिळेल. तिन्ही एकसारखे केले तर तिघे मिळून सरळ वाजवताना तीन कॉइलांची गुणगुण सोसावी लागेल. आज दोघांची एकमेकांत मिटून एकाचीच उरते.

गढूळपणा काही अंशी सिरीज जोडणीचा स्वभाव आहे. तीन सारख्या कॉइल जोडल्या की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा विरोध) तिप्पट होतो आणि अनुनादाची वारंवारता (जिथे पिकअप सर्वांत जोरात वाजतो ती) सुमारे ५८ टक्क्यांवर उतरते. त्यात २५०चा पॉट उरलेली धारही दाबतो. व्हॉल्यूमला ५०० किलोओहमचा पॉट लावा आणि केबल शक्य तितकी आखूड वापरा. एकटा पिकअप त्यामुळे किंचित तीक्ष्ण वाटेल, पण तो टोनच्या बटणाने आवरता येईल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. काल रात्री मीटर लावला आणि काट्याने ६.९ दाखवले, तेव्हाच उमगले की तीन आठवडे मी चुकीच्या जागी डाग देत होतो. आज सकाळी पिकअप काढला. खाली खरोखरच बोटाच्या पेराहून आखूड अशी उघडी तार झाकणाच्या पायाला वळवून डागलेली होती. ती कापली, हिरवी तार स्वतंत्र काढून पॉटच्या पाठीला दिली. आता झाकण आणि ब्रिज यांच्यामध्ये दोन्ही फेजमध्ये शून्य येते. जाड तार झाकणाला मुद्दाम टेकवून वाजवली, खटखट ऐकू आली पण स्वर कायम राहिला.

दांडीजवळचा आणि ब्रिजचा पिकअप ही उलट जोडी शांत आहे हे मी या आधी ताडूनच पाहिले नव्हते. मधला आहे तसाच राहू देतो. ५०० किलोओहमचा पॉट उद्या आणून बसवतो आणि तिन्ही पिकअपांचा आवाज कसा बदलला ते इथेच लिहितो.