डॉपलर, शीर, नस, रोहिणी, नीला: नेमकं काय म्हणायचं?

अनुस्वार
सासऱ्यांच्या चिठ्ठीवर 'दोन्ही पायांचा आर्टेरियल डॉपलर' लिहिलंय. अपॉइंटमेंट घेताना मी 'पायाच्या शिरांची सोनोग्राफी' म्हणाले, तर पलीकडून प्रश्न, "आर्टरीची की व्हीनची?" आपण दोन्हींना शीरच म्हणतो ना? की नस?

बोरूबहाद्दर
आर्टरी म्हणजे रोहिणी किंवा धमनी. व्हीन म्हणजे नीला किंवा शिरा. पुस्तकांत दोन्ही जोड्या सापडतात. 'शिरा' हे संस्कृतात एकवचन, पण मराठी कानाला ते 'शीर'चं अनेकवचन वाटतं, शिवाय ताटातला शिरा आहेच. मी रोहिणी-नीला वापरतो. जुन्या लोकांचं 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' रक्त मात्र सोडून द्यावं. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं.

पोटरीवाली
मी ही तपासणी रोज करते. अनुस्वारताई, फोनवर चिठ्ठी आहे तशी वाचून दाखवा, कारण या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की थोड्या वेळात सुटते, तेव्हा रोहिण्या बघतात. संध्याकाळी पाय सुजतो, जड होतो, पोटरीवर वेटोळी उठून दिसतात, तेव्हा नीला. आणि 'शीर दबली' म्हणतात ती बहुतेक वेळा नर्व्ह असते, म्हणजे मज्जातंतू. तिथे डॉपलर कामाचा नाही.

रंगांवरून तर रोज कोणी ना कोणी घाबरतं. शाळेच्या आकृतीत रोहिणी लाल, नीला निळी. कलर डॉपलरच्या पडद्यावर मात्र लाल म्हणजे प्रोबकडे (कातडीवर फिरवतो त्या यंत्राच्या दांडीकडे) येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं (हे बटण दाबून उलटंही करता येतं). त्यामुळे तीच रोहिणी वळणावर लालची निळी होते आणि नातेवाईक विचारतात, "इथे रक्त खराब झालंय का हो?"

नीलेतली गुठळी शोधताना रंगापेक्षा दाब भरवशाचा. प्रोबने वरून दाबलं की मोकळी नीला चपटी होते. गुठळी असेल तर होत नाही.

उंबरठा
डॉपलर हे यंत्राचं नाव की कंपनीचं?

बोरूबहाद्दर
माणसाचं. ख्रिस्तियान डॉपलर, ऑस्ट्रियाचे. १८४२ साली प्रागमध्ये त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. वैद्यकाशी संबंध शून्य! तत्त्व मात्र तेच: ध्वनी धावत्या रक्तपेशींवर आपटून परततो तेव्हा त्याची वारंवारता बदलते, आणि त्यावरून वेग कळतो. हा ध्वनी २०,००० हर्ट्झच्या वरचा, म्हणून 'श्राव्यातीत'. काहीजण 'स्वनातीत' लिहितात, पण ते ध्वनीपेक्षा वेगवान विमानाला शोभतं.

उंबरठा
आणि नॉन-इन्व्हेजिव? एका पत्रकात 'अनाक्रमक तपासणी' वाचलं. जपून खेळणाऱ्या फलंदाजाचं वर्णन वाटलं.

पोटरीवाली
मी सरळ 'सुई नाही, नळी नाही' सांगते. अँजिओग्राफीत रोहिणीत नळी घालून औषध सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्र घेतात. इथे कातडीवर जेल आणि प्रोब, बस्स.

ताई, सोबत बहुधा एबीआयही करतील. घोट्याजवळच्या रक्तदाबाचा वरचा आकडा भागिले दंडावरचा.

बोरूबहाद्दर
'घोटा-दंड निर्देशांक' म्हणू या. दंड ऐकून कोणी पाकीट काढू नये म्हणजे झालं.

पोटरीवाली
हा आकडा ०.९ किंवा खाली आला तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शंका. पण जास्त आला म्हणून खूश होऊ नका. मधुमेहात रोहिणीची भिंत कॅल्शियम साचून कडक होते, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने ती दाबलीच जात नाही आणि आकडा १.४च्या वर जातो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा घेतात.

अनुस्वार
सासऱ्यांना जुना मधुमेह आहे. मग अंगठ्याचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवते.