मदत हवी आहे: टर्मिनलवर एमबीस्ट्रिंग दिसतंय, ब्राउझरमध्ये नाही

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाचा पावतीचा प्रोग्रॅम मी सांभाळतो. पीएचपी, अपाचे (वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस), सगळं दुकानातल्याच मशीनवर. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केल्यापासून पावती काढताना ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन एमबी_सबस्ट्र’ एवढंच येतंय. हे फंक्शन एमबीस्ट्रिंग या पीएचपीच्या जोडणीतलं, अक्षर न तोडता मजकूर कापणारं.

साधं सबस्ट्र (बाइट मोजून कापणारं) वापरा, असं कृपया सुचवू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्राही, ३ बाइट घेतं. ते मधेच तुटलं की शेतकऱ्याच्या नावाच्या शेवटी चौकोन छापले जातात.

एमबीस्ट्रिंगचं पॅकेज टाकायला गेलो तर आधीच आहे म्हणतं. टर्मिनलवर ‘पीएचपी -एम’च्या (चालू जोडण्यांच्या) यादीतही ते दिसतं. अपाचे रीस्टार्ट केलं, मशीनसुद्धा. मग ब्राउझरमध्ये पीएचपीइन्फो (पीएचपीची माहिती दाखवणारं पान) उघडलं: तिथे आवृत्ती ८.१, आणि टर्मिनलवर ८.३! म्हणजे अपाचेला जुनंच मॉड्यूल चिकटलेलं दिसतंय. एफपीएम (वेगळी चालणारी पीएचपी सेवा) नाही, मॉड-पीएचपीच (अपाचेच्या आत चालणारं) आहे. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) आहे.

अडचण अशी की कोड जुना आहे, क्लासमध्ये न सांगितलेल्या प्रॉपर्टी जागोजागी. ८.२ पासून त्यावर डेप्रिकेटेडची (ही पद्धत पुढे बंद होणार, अशी) सूचना येते आणि ती थेट पावतीच्या पीडीएफमध्ये घुसली तर पीडीएफच बिघडेल. सोयाबीनची आवक सुरू आहे, दिवसा मशीन बंद ठेवता येत नाही. जे करायचं ते सौदे आटोपल्यावर.

८.१ चं मॉड्यूल बंद करून ८.३ चं चालू करणं आणि सूचना पडद्यावर न दाखवता लॉगमध्ये वळवणं, एवढ्यावर भागेल का? की बाहेरच्या रिपॉझिटरीतून ८.१ चंच एमबीस्ट्रिंग आणणं सध्या जास्त सुरक्षित?