साइझ_टी म्हणजे माप की पत्ता?

सी मध्ये मेमरी अलोकेटर (मागेल त्याला मेमरीचे तुकडे वाटून देणारा कोड) लिहितोय. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, १६ च्या पटीत आणायचा तर आधी त्याचा पूर्णांक करावा लागतो, तो कुठल्या टाइपमध्ये ठेवायचा? जुन्या कोडमध्ये अनसाइन्ड लाँग आहे, एक जण साइझ_टी म्हणतो, दुसरा यूइंटपीटीआर_टी. तिन्ही ६४ बिटचेच ना, मग भांडण नुसतं नावाचं का?

— तिन्ही ६४ बिटचे ते ६४ बिट लिनक्स नि मॅकवर. ६४ बिट विंडोजवर लाँग अजून ३२ चाच आहे, म्हणजे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो, आणि पत्ते ४ जीबीच्या खाली मिळतायत तोवर सगळं सुरळीत चालतं म्हणून कुणाला कळतही नाही. लिनक्स कर्नलमध्ये पत्त्यांना सर्रास अनसाइन्ड लाँग दिसेल, पण तिथे लाँग आणि पॉइंटर एकाच रुंदीचे हे धरूनच चाललेत.

राहिला साइझ_टी. शब्दच बघा ना, साइझ म्हणजे माप, मेमरी देणाऱ्या मॅलॉक फंक्शनला किती बाइट हवेत ते सांगायला. फ्लॅट नंबर ६५० आणि कार्पेट एरिया ६५०, आकडा एकच पण एकाच्या जागी दुसरा लिहून चालेल का? इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरच्या जमान्यात 'फार' (इंग्रजी far, लांबचा) पॉइंटर ३२ बिटचा नि साइझ_टी १६ चा असायचा, आणि आज ६४ बिट चेरीवर (पत्त्यासोबत त्याच्या हद्दीही पॉइंटरमध्येच ठेवणारी प्रोसेसर रचना) पॉइंटर १२८ बिटचा, साइझ_टी ६४ चाच. पत्त्यासाठी यूइंटपीटीआर_टी, सी मध्ये १९९९ च्या स्टँडर्डपासून आहे. व्हॉइड पॉइंटर त्यात घालून परत काढला की मूळच्या पॉइंटरइतकाच भरतो, ही हमी. (तो टाइप देणं कंपायलरला सक्तीचं नाही, पण नेहमीच्या सगळ्या कंपायलरांत असतो.)

— आणि पीटीआरडिफ_टी, दोन पॉइंटरांच्या वजाबाकीचा टाइप, म्हणजे अंतर, बरोबर?

— अंतर नको हो, अंतर कधी उणे असतं का? फरक म्हणा. वजाबाकीचं उत्तर, उणेही येतं, म्हणून तर तो साइन्ड (उणे आकडेही मावणारा).

— टाइप बरोबर निवडूनही एक खड्डा राहतो. १६ च्या पटीत आणायला १५ मिळवून खालचे चार बिट पुसताना मास्क (कुठले बिट ठेवायचे ते ठरवणारा आकडा) टिल्डा १५यू (~15u, टिल्डा सगळे बिट उलटे करतो) असा लिहिलात तर तो ३२ बिटचा अनसाइन्ड, ६४ पर्यंत ताणताना वर शून्यं भरतात आणि पत्त्याचा वरचा भाग साफ. नुसता टिल्डा १५ मात्र साइन्ड, म्हणजे उणे १६, तो ताणताना वर एक भरतात म्हणून वाचतो. मी १५ लाच यूइंटपीटीआर_टी मध्ये कास्ट करून (टाइप बदलून) मग टिल्डा लावतो.

— अरे देवा, आमच्यात १५यूच आहे. रिव्ह्यूत कुणीतरी "अनसाइन्ड कर" म्हणालं होतं म्हणून मीच यू चिकटवला होता.