आंब्याचा ओंडका चिरताना चेन एका बाजूला खाली उतरते. नवी चेन कोणती घेऊ?

सांवेर_रोड

नमस्कार मंडळी. जूनच्या वादळात आमच्या सांवेरकडच्या शेतातला आंबा मुळासकट आडवा झाला. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेला. घरातल्या सगळ्या पोरांचे नागपंचमीचे झोके त्याच्याच फांदीला. जळणाला द्यायला कुणाचं मन होईना, म्हणून बुंध्याचा पाच फूट लांब, पंधरा-सोळा इंच रुंद तुकडा ठेवून घेतला. त्याच्या दोन इंची फळ्या काढून इंदूरच्या घरात जेवणाचं टेबल करायचं आहे.

58 सीसीची चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) आहे, 20 इंची बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी. फळ्या काढायची लोखंडी चौकट राऊच्या वेल्डरकडून करून घेतली. ती बारला मशीनकडच्या एकाच टोकाला पकडते. पहिली फळी छान निघाली. दुसरीत अर्ध्यावर ‘टण्ण’ असा आवाज आला आणि तिथून सगळं बिघडलं. धूर यायला लागला, भुसा मैद्यासारखा बारीक, आणि फळी मशीनकडे दोन इंच, तर बारच्या टोकाकडे दोन इंच चार सूत, म्हणजे अडीच इंच. एका दुकानात मशीनवर धार लावून आणली. दातांची टोकं निळी पडली आणि दुसऱ्या दिवशी आणखीच वाईट. दुकानदार म्हणतो चेन बदला. उभ्या चिराईची, म्हणजे ओंडक्याच्या लांबीने कापायची, वेगळी ‘रिपिंग चेन’ मिळते असं वाचलं. तीच घेऊ का?

जुनी_कानस

ताई, चेन घ्या, पण त्याआधी जुनीला काय झालं ते समजून घ्या. नाहीतर नवीचीही हीच गत होईल.

माझं फर्निचरचं काम आहे, पालद्याकडे शेड आहे, एकोणीस वर्षं झाली. चेनचे दात आळीपाळीने एक डावा, एक उजवा असतात. चौकटीत बार आडवा असतो, म्हणजे निम्मे दात वरच्या अंगाला खातात आणि निम्मे खालच्या. दोन्हीकडची धार सारखी असेल तर बार सरळ जातो. एका अंगाचे बोथटले की चेन धारेच्या अंगाला ओढते. तुमचं टोक खाली जातंय, म्हणजे खालच्या अंगाचे दात शाबूत आहेत आणि वरच्या अंगाचे गेलेत. चौकट एकाच टोकाला धरते म्हणून दुसरं टोक मोकळं सुटतं आणि फरक तिकडे दिसतो.

वरच्याच अंगाचे का गेले? लोखंड कापाच्या वरच्या काठाला लागलं असणार. निघालेली दुसरी फळी उलटी करून तिची खालची बाजू नीट बघा. खिळा किंवा कडी फळीत सापडेल. आजूबाजूला लाकूड काळपट-निळं दिसलं तर समजा लोखंड तिथेच आहे, ओल्या लाकडात ते डाग सोडतं. झोक्याचं झाड म्हणालात, म्हणून मला पहिला संशय कडीचाच आला.

आता दात बघायची रीत. चेन बारवरच ठेवा, खिडकीपाशी न्या आणि दाताच्या कडेवर सरळ उजेड पडू द्या. धारेवर चकाकती रेघ दिसली तर तो दात बोथट. खऱ्या धारेला चमकायला जागाच नसते, तिथे काहीच दिसत नाही. प्रत्येक दात असा बघा, घाई नको. लोखंड लागलेल्या दाताचा कोपरा गोल झालेला असतो. ती गोलाई पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं, नुसती कड उजळून उपयोग नाही. दुकानात नेमकं हेच झालं असणार. निळा रंग म्हणजे चाकाच्या घर्षणाने दात तापला आणि त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरलं. पाणी उतरलेली धार टिकतच नाही. निळा भाग थोडाच असेल तर हाताने घासून मागे पोलाद चांगलं लागतं का ते पाहा. खोलवर गेला असेल तर ती चेन फांद्या तोडायला ठेवा.

58 सीसीच्या 20 इंची बारवर बहुतेक .325 पिच (रिव्हेटांमधलं सरासरी अंतर, इंचात), 1.5 मिमी गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि 76 ड्राइव्ह लिंकची (खोबणीत चालणाऱ्या कड्यांची) चेन असते. पण माझ्यावर विसंबू नका, बारवर कोरलेलं वाचा आणि ड्राइव्ह लिंक मोजून घ्या. .325 ला 4.8 मिमीची गोल कानस लागते. चार मिमीची घेतली तर धार खाली बसते आणि दाताला आकडी येते.

रिपिंग चेन म्हणजे वरच्या धारेचा कोन वेगळा, बाकी चेन तीच. नेहमीची चेन आडवं कापायला असते, तिचा कोन 30 अंशांच्या आसपास. उभ्या चिराईत दात थेट तंतूंच्या तोंडावर चालतो, तिथे 10 अंश ठेवला की पृष्ठभाग सपाट निघतो आणि रंधा कमी मारावा लागतो. वेग थोडा कमी मिळतो, ते सोसायचं. तुमच्या तीन-चार फळ्यांसाठी नेहमीच्या चेननेही काम होईल, फळी जरा खरबरीत निघेल एवढंच. घ्यायचीच असेल तर कोपरा किंचित गोल असलेली, सेमी-चिझल दाताची घ्या. चौकोनी कोपऱ्याची चेन नवीकोरी असताना जोरात खाते, पण माती लागली की लगेच बसते. आपली काळी माती सालीत किती घट्ट भरते ते तुम्हाला सांगायला नको. बार जिथून जाणार तिथली साल कुऱ्हाडीने सोलून घ्याच.

आता धार. बोथट झाल्यावर धार लावायची असं मी कधी करत नाही, फळी संपली की लावायची. प्रत्येक दाताला तीन हात, आतून बाहेर, कानस पुढे जाताना दाबून आणि मागे येताना उचलून. मार्करने पहिल्या दातावर खूण करा, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळतं. एका बाजूचे सगळे आधी, मग बार फिरवून दुसरीकडचे. सर्वांत आखूड दात शोधा आणि बाकी सगळे त्याच्या मापाला आणा. दातापुढचा ठेंगणा उंचवटा, डेप्थ गेज, दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. दर तीन-चार धारांनी पट्टी लावून तपासा. तो जास्त खाली घासला तर चेन चावरी होते आणि 58 सीसीचं इंजिन अडकून बसतं.

बडोद्याचा_सुतार

वरचं सगळं बरोबर. एकच भर, बार विसरू नका. धूर आला होता म्हणजे बारच्या कडा तापल्या. खोबणी साफ करा, कडांवर फुटलेली बोचरी किनार सपाट कानशीने काढा आणि दर वेळी बार उलटा लावा. बार झिजून एक कड खाली गेली असेल तर चेन तिरकी होते, मग धार कितीही सारखी करा, काप वाकडाच जातो. ऑइल चेनचंच घाला. गॅरेजचं काळं ऑइल घालणारे इथेही खूप आहेत, त्यातल्या लोखंडाच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही जातात. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळजवळ रिकामी व्हायला हवी, नाही झाली तर कुठेतरी भोक बुजलंय.

काम झालं की चेन सैल करून ठेवा. तापलेली चेन लांबते, तशीच ताणून सोडली तर गार होताना बारला आवळते.

आणि लाकूड शेतातून शहरात आणण्याआधी वनमंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या. तुमच्याकडे मध्य प्रदेशात चिराईसाठी 1984 चा काष्ठ चिरान अधिनियम आहे, वाहतुकीच्या पासचे नियम निराळे.

सांवेर_रोड

काका, फळी उलटून बघितली. शेंगदाण्याएवढा चकाकता ठिपका आणि भोवती हातभर लांब निळी रेघ! सासूबाईंनी बोट ठेवून सांगितलं, ही मोठ्या झोक्याची कडी, 1978 मध्ये ठोकली होती. खिडकीत दात बघितले, वरच्या अंगाचे सगळेच चमकतात, खालच्यांत दोनच. निळा भाग जास्त खोल नाही, 4.8 ची कानस आणून घासते. कडी कापून काढू की फळीत राहू देऊ?

जुनी_कानस

राहू द्या. कडी वर आली असेल तेवढी सपाट कानशीने लाकडाच्या पातळीला घासा, तिथे रंधा चालवू नका, पातंही जाईल. टेबलाच्या वरच्या बाजूला ठेवलीत तरी चालेल, सासूबाईंना विचारा.

पण पुढच्या फळ्यांआधी उरलेल्या ओंडक्यावर धातू शोधायचं यंत्र फिरवून घ्या, इलेक्ट्रिशियनकडे भिंतीतली वायर शोधायचं असतं ते चालतं. ते फक्त वरचे दोन-तीन इंच बघतं, म्हणून प्रत्येक फळी निघाली की उघड्या पृष्ठभागावर पुन्हा फिरवा. एका झोक्याला दोन कड्या असतात.