मदत हवी आहे: सोसायटीतलं हे थराथरांचं झाड कुठलं?

मुलुंड पूर्वेला आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटनंतर उभी राहिली, तेव्हा बिल्डरने कंपाउंडच्या कडेने एकाच जातीची झाडं ओळीने लावून दिली. त्यांचं नाव कमिटीच्या कुठल्याच कागदावर नाही. आता सगळी दुसऱ्या मजल्याला टेकलीत. त्यातल्या गेटजवळच्या झाडाने जानेवारीअखेर पानं गाळायला सुरुवात केली आणि आता त्याचा पार खराटा झालाय. बाकीची विरळ झालीत, पण हिरवी आहेत. सेक्रेटरीकाकांचं म्हणणं, झाड मेलं, पावसाळ्याआधी काढून टाकू. मला ते पटत नाही. पण झाड कुठलं हेच ठाऊक नसेल तर भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

खोड सरळ, करडं. फांद्या जवळजवळ आडव्या, एकाच पातळीवरून चहूबाजूंना निघालेल्या. मग थोडं खोड मोकळं, मग पुढचा थर. पानं इवलीशी, मोठ्यात मोठं पान करंगळीच्या दोन पेरांएवढं. देठाकडे निमुळती, टोकाला गोलसर. ती झुबक्याझुबक्याने येतात आणि झुबके फांदीच्या वरच्या अंगाला असतात. (हे बघायला झाडाखाली उताणी झोपले होते. वॉचमन धावत आला, "ताई, बरं आहे ना?") फुलं-फळं अजून कधी नजरेस पडली नाहीत.

माळी याला 'अंब्रेला' म्हणतो, पण तो शेफलेरा नावाच्या शोभेच्या झाडालाही अंब्रेलाच म्हणतो. शेजारच्या काकू ही शमी आहे असं ठरवून दसऱ्याला पानं घेऊन गेल्या. तळमजल्यावरच्यांच्या मते आवळा. मोबाइलच्या अ‍ॅपने प्रत्येक फोटोला वेगळं नाव दिलं, त्यात एक फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या गटातलं. फोटो खाली देते आहे. झाड कुठलं आणि ते जिवंत आहे का हे कसं तपासायचं, जाणकारांनी कृपया सांगा.

रानवाट:
शमी आणि आवळा दोन्ही बाद. शमीला काटे असतात आणि पान संयुक्त, बारीक पर्णिकांचं. आवळ्याची पानं नाजूक काडीच्या दोन्ही बाजूंना ओळीने लागतात. तुमच्या फोटोत साधी पानं आहेत, झुबक्यात. फायकसचा निकाल तुम्हीच लावा: हिरव्या झाडाचं एक पान देठापाशी तोडा, पांढरा चीक आला तर पुढे बोलू. आणि फांद्या फुटतात त्या बेचक्यांत काटे आहेत का ते जपून चाचपा. फोटोवरून ते कळत नाही.

धागाकर्ती:
चीक नाही. काटेही नाहीत. चाचपताना एक गंमत दिसली. फांदी सरळ जातच नाही. वीतभर पुढे जाते, टोक वर वळतं, तिथे पानांचा झुबका. आणि त्या वळणाच्या खालून नवी फांदी निघून पुढे सरकते. पुढे परत तेच.

रानवाट:
मग शंका नको. टर्मिनालिया मॅन्टाली, म्हणजे मादागास्कर बदाम. आपल्या रस्तोरस्तीचा देशी बदाम, ज्याची पानं लाल होऊन गळतात, त्याचीही फांदी अशीच पुढे जाते, म्हणून तोही थराथरांचा दिसतो. दोघांची प्रजाती (जीनस) एकच, टर्मिनालिया; जाती वेगळ्या. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा हेही त्यातलेच, त्यामुळे झाड परकं असलं तरी नातेवाईक आपल्या सह्याद्रीत भरपूर. काटे मुद्दाम विचारले, कारण ब्लॅक ऑलिव्ह नावाने मिळणारं एक काटेरी झाड हुबेहूब असंच दिसतं. फुलं बारीक, हिरवट पांढरी, खालून दिसणं कठीण. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघा.

आता जिवंतपणाचं. या झाडाला पानगळ होतेच, आणि ओळीतली सगळी झाडं एकाच वेळी गाळतील असं नाही. निष्पर्ण झाडाची पेन्सिलीएवढी काटकी नखाने हलकेच खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर लागलं तर जिवंत. कोरडं, तपकिरी लागलं तर ती काटकी गेली, मग मागे सरकत जाड फांदीवर तेच करा. नुसती टोकं वाळली म्हणून झाड मेलं असं होत नाही.

कुंडीतलं जंगल:
बिल्डरांचं लाडकं झाड! रोपटं असतानाच ब्रोशरमधल्या चित्रासारखं दिसतं, मग काय. मला विचाराल तर त्या जागी बकुळ किंवा तामण हवा होता. तामणाचं फूल तर आपलं राज्यफूल. पण लावलेलं झाड परदेशी म्हणून तोडावं या मताचा मी नाही. गुलमोहरही मादागास्करचाच, त्याला कोण परका म्हणतं?

काकांना हेही सांगा, की सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा परस्पर तोडता येत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड वाळलंय असं वाटलं तरी आधी अर्ज, मग कुऱ्हाड. वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्यात चौकशी करा.

धागाकर्ती:
काकांना बरोबर नेऊनच खरवडलं. टोकाच्या दोन काटक्या कोरड्या, पण त्यामागे हिरवंगार! काका चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. तोडायचा विषय तूर्त मागे पडलाय. आता म्हणतात, निदान शेंडा तरी छाटू, म्हणजे आटोक्यात राहील. आणि हेच झाड आधी का वाळलं? याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, बाकीची मातीत आहेत.

रानवाट:
कारण बहुधा तेच, पाणी मुरायला जागा नाही. बुंध्याभोवती चारी बाजूंनी हात-दीड हात पेव्हर काढा, खालचं सिमेंट फोडताना मुळांना पहार लागू देऊ नका, आणि पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा सावकाश, भरपूर पाणी घाला.

शेंड्याला हात लावू नका. नवे थर तिथूनच येतात. तो उडवला की वर वेड्यावाकड्या फांद्यांचं झुडूप होतं आणि झाडाचा घाट कायमचा जातो. गाड्यांना अडचण होत असेल तर सगळ्यात खालचा थर खोडापाशी नीट कापून घ्या, तोही छाटणीची परवानगी काढूनच. नवी पालवी आली की फोटो टाका.